आडव्या कुंड्या

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी उल्हासनगरच्या माझ्या दुकानात साडीला फॉल लावत होते. "मावशी, पप्पा गेले…" एवढंच भाची बोलली. मी मशीन थांबवलं आणि, खोटं कशाला बोलू, पहिला विचार मनात आला तो त्यांच्या कुंड्यांचा. आता त्यांचं कोण बघणार? माणसाच्या मनाचा काही नेम नाही बघा. रडू आलं ते नंतर, अंबरनाथ ओलांडल्यावर, रिक्षात.

विलासदाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. अंबरनाथच्या एका कारखान्यात त्यांनी उभा जन्म काढला, आणि रिटायर झाल्यावर बदलापूरला, चामटोलीच्या रस्त्याला घर बांधलं. पुढे हातभर अंगण. तिथे माणसं गुलाब लावतात, मोगरा लावतात. आमच्या दाजींनी लावली ऑर्किडं! तीही झाडावर लोंबणारी नव्हेत, जमिनीतून उगवणारी. रस्त्यासाठी एक टेकडी खरवडत होते तेव्हा हा गृहस्थ पिशवी घेऊन जेसीबीच्या पुढे पुढे फिरला आणि कंद वेचून आणले, सोबत तिथलीच माती. "हिच्यात एक बुरशी असते, तिच्याशिवाय ही जगत नाहीत," म्हणाले. मी एकदा मोठ्या कौतुकानं शेणखत घेऊन गेले, तर ते त्यांनी सरळ पपईला घातलं. "अगं, ही अर्धपोटी राहणारी जात आहे. लाड केले की मरते."

श्रावणात मात्र त्या अंगणात गेलं की घरी परतावंसं वाटायचं नाही. डोंगर ढगात बुडालेला, सगळीकडे ओला हिरवा अंधार, आणि त्यात ती पांढरी फुलं… बारीक, पाकळ्या फाटल्यासारख्या, मागे लांब शेपूट. संध्याकाळ झाली की त्यांना वास सुटायचा, इतका हलका की खरंच आला की आपल्यालाच वाटला, ते कळू नये. दाजी पायरीवर बसून असायचे. एक दांडी मी दुकानात नेली होती. शेजारची सिंधी बाई म्हणाली, "दीदी, इतनी मेहनत, और फूल इत्ता सा?" दाजींना सांगितलं तर पोट धरून हसले.

दिवाळीच्या सुमारास पानं पिवळी पडायची. मग दाजी पाणी तोडायचे आणि कुंड्या जिन्याखाली आडव्या करून ठेवायचे. आडवी कुंडी म्हणजे आत कुणीतरी झोपलंय, तिला पाण्याचा थेंबही नाही, हा घरचा कायदा. पाणी आत गेलं की कंद कुजतो. ताई करवादायची, "नुसती माती सांभाळतात, आणि मला तिथे झाडू फिरवू देत नाहीत!" मातीवर काडीसुद्धा दिसत नसे. तरी दाजी उन्हाळ्याच्या दुपारी खुर्ची टाकून तिथे डोळे मिटून बसायचे. काय बघता हो, विचारलं की म्हणायचे, "काही नाही. तेच बरं वाटतं."

दाजींच्या पुण्यानुमोदनाला, बुद्धवंदनेसाठी माणसं जमली, तेव्हा कुणीतरी अंगण आवरताना जिन्याखालच्या त्या आडव्या कुंड्या उभ्या करून ओळीनं मांडल्या. मला ते ध्यानात आलं नाही. काही दिवसांनी गेले तर ताई हातात लोटा घेऊन उभी, आणि सगळ्या कुंड्यांची माती काळीभोर, ओलीगच्च. ओरडलेच मी, "ताई, अगं काय करतेस? कुजतील ना ती! झोपलीयत!"

"माहितीये मला," ती म्हणाली.

लोटा खाली ठेवून ती पायरीवर बसली. "त्या दिवशी हे दुपारी झोपले होते. चहा झाला होता. मी दारातून बघितलं, म्हटलं, असू दे, झोपलेत तर झोपू दे. चहा झाकून ठेवला… तेव्हाच हाक मारली असती तर, गं? डॉक्टर म्हणतात, काही उपयोग नव्हता. त्यांचं काय जातंय म्हणायला! आता मला कुणी झोपलेलं बघवत नाही."

मी तिच्याशेजारी बसले, आणि हाताला चाळा म्हणून कुंडीतली माती उकरू लागले. पहिला कंद बोटांत पिचला, कुजक्या बटाट्यासारखा. दुसराही तसाच. तिसऱ्या कुंडीतला मात्र टणक लागला. तो पुसून मी ताईच्या तळहातावर ठेवला.

"जिवंत आहे?"

"आहे."

"मग एवढं पाणी घालतेय, उठत का नाही?"

"त्याच्या वेळेला उठेल, ताई. तू कितीही हाका मारल्यास तरी आत्ता नाही उठायचा."

तिनं कंदावर मूठ मिटली. मग पदर तोंडाला लावला आणि रडली… पुण्यानुमोदनाला रडली नव्हती तशी. शांत झाल्यावर ओली माती तिनेच उपसली, कोरडी भरली, आणि सगळ्या कुंड्या आपल्या हातानं आडव्या केल्या. कुजलेल्यासुद्धा.

पावसाला अजून अवकाश आहे. आतलं कोण आहे, कोण गेलं, ते आत्ताच कळायचं नाही. रोज संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळी ताईचा फोन येतो. जेवण-खाण, तब्येत काही विचारत नाही.

"आज पण नाही घातलं गं पाणी," एवढंच सांगते.

"बरं केलंस," मी म्हणते. मग शटर ओढते.