ज्यानं उघडलं त्यानं झाकावं

मी काही लिहावं असा माझा वकूब नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. चार ओळी धड जुळतील का, याचीच धास्ती. चुकलंमाकलं तर माफ करा. पण गप्प बसलो तर तिची हाक कानात येते, "उघडलं कुनी? मग झाकनार कोन?"

हे तिचं बोलणं दुधनीकडच्या आमच्या गावात सगळ्यांना पाठ होतं. आमच्याकडे जमिनीखाली पेवात ज्वारी साठवतात. पेव ज्यानं उघडलं त्यानंच तोंडावर दगड ठेवून ते लिंपायचं, ही रीत. उघडं पेव माणूस गिळतं.

ती आमची शेजारीण. मेंढरं राखायची. मी मावशी म्हणायचो. दुष्काळात रस्त्यासाठी गावाबाहेर दगडाची खाण काढली, तेव्हा सुट्टीत मीही तिथं खडी फोडली, तिच्या शेजारी बसून. तिचा हातोडा थांबायचा, तोंड नाही.

वरचा मुरूम ठेकेदार ओढ्याच्या काठावर ओतत गेला. देवळाएवढा ढीग झाला.

"दगूड न्या तुमी," मावशी त्याला म्हणाली, "पर ही माती माघारी खड्ड्यात ढकला की."

"त्याला ट्रॅक्टर लागतो, मावशी. कुठनं आणू?"

"जेवल्यावर ताट तरी उचलता, का ते बी बायकोच्या अंगावर टाकून उठता?"

सगळे हसले. ठेकेदारही हसला. त्याचं ते हसणं मला अजून डाचतं.

रस्ता झाला, ठेकेदार गेला. पावसानं खाण भरली, काठ ढासळू लागले. शाळेची वाट तिथूनच. मावशीनं आपली वाघूर, म्हणजे रात्री मेंढरं कोंडायची जाळी, काढली आणि त्या काठाला बांधली.

"आता मेंढरं कशात कोंडणार?" मी विचारलं.

"मेंढरं सांगितलेलं ऐकत्यात रं. ठेकेदार न्हाय."

एकदा तालुक्याचे साहेब आले. जीपमधूनच म्हणाले, "काम पूर्ण झालंय."

"भाकरी झाली म्हून राख चुलीतच ठिवत्यात व्हय, सायेब?"

जीप गेली. धूळ तिच्या तोंडावर.

ढिगाची माती वाहून ओढा तुंबायचा. खालच्या वस्तीत पाणी शिरू नये म्हणून ती दर पावसात पाटी-खोरं घेऊन उतरायची. शिव्या देत गाळ उपसायची. शिव्या ऐकून आम्ही हसायचो, आणि चार पाट्या आम्हीही उचलायचो.

परवा गावचा एकजण सोलापुरात माझ्या हॉस्टेलवर आला.

"मातीचा ढीग ढासळला," म्हणाला. "मावशी खाली वड्यात व्हती. पाण्याला वाट करत."

"काढली?"

"काढली की, पर जीव न्हवता. ठेकेदारानंच ट्रॅक्टर धाडला. दुपारपातूर माती बाजूला केली."

दुपारपर्यंत. एवढंच काम होतं ते.

"आणि खड्डा?"

"ट्रॅक्टर गेला माघारी," तो म्हणाला. "खड्डा हाय तसाच हाय. मावशीची जाळी तेवढी हाय काठाला."