नोटिशीचा महिना

मानवतला माझ्या घराची पुढची खोली मी अकरा महिन्यांच्या करारावर देते. मागे एक भाडेकरू न सांगता निघून गेला, तेव्हापासून शहाणपणा करून मीच करारात घालून घेतलं: मुदतीआधी सोडायची तर एक महिन्याची नोटीस, नाहीतर त्या महिन्याचं भाडं.

यंदाचं जोडपं बोरीचं. नवरा बँकेत, बायको घरी, आणि नुकती चालायला लागलेली पोर. मी एकटी बाई, मूलबाळ नाही. पोर उठली की धडपडत माझ्या उंबऱ्याशी यायची. माझ्या ताटातला भात खाल्ल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. एवढे लाड करू नको, असं तिच्या आईला सांगायचे मी, आणि लाड करायचे मीच.

मुदत निम्मीही झाली नव्हती, तोच त्याची बदली गावाकडच्या शाखेत झाली. तो आनंदानं सांगायला आला आणि मी तडकले. करार वाचला का, म्हटलं, महिनाभर हलायचं नाही. तो गरीब स्वभावाचा. खाली मान घालून म्हणाला, "काकू, आमी महिन्याचं भाडं देऊन जातोत. तुमीच तसं लिहून घेतलंय."

त्या महिन्याचं भाडं घेतलं. डिपॉझिट परत केलं. भाडं कोणाला हवं होतं मेलं! मला ती पोर हवी होती, अजून महिनाभर.

महिना त्यांचाच, म्हणून थोडं सामान ठेवून ते कुलूप लावून गेले. दुसरी किल्ली माझ्याकडे होती. पण भाडेकरूची खोली त्याला विचारल्याशिवाय उघडायची नाही, हा माझा नेम. खिडकीतून पाहायचे. कॉटखाली तिचा एक बूट पडलेला दिसायचा आणि जीव लय तुटायचा. किल्ली द्यायला येतील तेव्हा पोरीला आणतीलच, अशी मनाची समजूत घालायचे.

महिना संपला तसा तो टेम्पो घेऊन आला, एकटाच. सामान भरलं, खोली झाडून दिली, किल्ली माझ्या हातात ठेवली. मी पोरीचं विचारलं.

"पयले काही दिवस तुमच्यासाठी लय रडली, काकू," तो म्हणाला. "आता न्हाई काढत आठवण. तुमी काळजी करू नका."

मला बरं वाटावं म्हणूनच बोलला बिचारा. बरं झालं, मी म्हणाले.

कधीतरी घेऊन ये तिला, एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हणायचा मला काय हक्क, ह्या विचारात मी उभी राहिले, आणि टेम्पो गल्लीच्या बाहेर गेला.