गुपचूप दुरुस्ती

आमच्या क्लासच्या वेबसाइटवर सगळंच नवीन होतं. दोन वर्षांपूर्वीचं वेळापत्रक नवीन, गेल्या दिवाळीच्या सुट्टीची नोटीस नवीन, मी लिहिलेल्या जीवशास्त्राच्या नोट्स तर जन्मापासून नवीनच. प्रत्येक ओळीपुढं लाल अक्षरांत 'नवीन' लुकलुकायचं. ही अक्कल आमच्या सरांची, म्हणजे क्लासच्या मालकांची. पालक साइट उघडून बघतात, त्यांना वाटलं पाहिजे की इथं रोज काहीतरी चालू आहे. अन् पोरांचं काय? पोरं आठ दिवसांत त्या लाल अक्षरांकडं बघायची बंद झाली. सारखं कोकलणाऱ्याकडं कोण लक्ष देतं?

मी नांदेडची. लातूरला क्लासचं पीक आलं तेव्हा शिकवायला आले आणि इथंच राहिले. घरचे नांदेडला, मी इथं एका खोलीत, दोन वेळचं जेवण मेसमध्ये. मराठी टायपिंग येतं एवढ्या एका गुन्ह्यासाठी साइटवर नोट्स टाकायचं काम माझ्याच गळ्यात पडलं.

तर झालं असं. कोणत्या बुरशीपासून कोणतं आम्ल, कोणत्या जिवाणूपासून कोणतं औषध, असा एक लांबलचक तक्ता मी साइटवर टाकला होता. मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला त्यावर हमखास प्रश्न. एक नाव राहिलं म्हणून मी मागाहून डाव्या रकान्यात एक ओळ घुसवली आणि उजव्या रकान्यात घुसवायची विसरले. खालचं सगळं एक घर सरकलं. सायट्रिक आम्लाच्या बुरशीसमोर ॲसेटिक आम्ल, पुढं सगळा तसाच सत्यानाश. महिनाभर ते तसंच होतं. एक दिवस वर्गात शिकवताना माझ्याच ध्यानात आलं. दहा मिनिटांत तक्ता दुरुस्त केला आणि सरांकडं गेले. म्हटलं, पानाच्या वर तारीख घालून लिहू या, की हा तक्ता चुकला होता, आज बदललाय, आधी वाचलेल्यांनी परत बघा.

सर हसले. त्यांच्या खुर्चीमागं मोठ्ठी फ्रेम होती, 'भूकंपातून उभं राहिलेलं लातूर', आणि खाली यांचाच फोटो. भूकंप झाला तेव्हा हे गृहस्थ पुण्यात होते, पण ते असो.

"मॅडम, ॲडमिशनचा सीझन आहे. आपली चूक आपणच लिहायची? दुरुस्त केलंत ना? संपला विषय."

"ज्यांनी आधीच पाठ केलंय त्यांचं काय?"

"बघतील की. 'नवीन' लिहिलेलं आहेच."

माझं टाळकं सटकलं, पण 'बरं सर' म्हणून मी बाहेर पडले. मेसमध्ये जाऊन मावशींसमोर मात्र सरांच्या नावानं बोटं मोडली. मेस चालवणारी ही बाई माझं रोजचं गाऱ्हाणं ऐकायची. तिला मी सर किती हलकट ते सांगितलं, तक्त्याचं सांगितलं नाही. चूक माझी होती ना! सरांनी झाकायला सांगितलं आणि खरं बोलायचं तर मला ते सोयीचंच पडलं. आज लिहितानाही माझा मलाच राग येतो.

मेसमध्ये माझ्यासमोर एक पोरगी बसायची. मुखेडकडची, दुसऱ्यांदा परीक्षेला बसणारी, मावशींच्याच वरच्या खोलीत राहणारी. फोन साधा, म्हणून नेटकॅफेत जाऊन साइटवरच्या नोट्सची प्रिंट काढून आणायची. पुस्तकात वेगळं दिसलं तरी क्लासचं तेच खरं मानायची, इथं सगळेच मानतात. हुशार म्हणून तिचं नाव कुणी घेत नव्हतं, पण पाठांतर असं की एकदा वाचलं की वाचलं. त्या पाठांतराच्या जिवावरच तिनं भावाकडून हे एक वर्ष मागून घेतलं होतं.

त्या धड्यावर दोन चाचण्या झाल्या. दोन्हींत ती तळाला. तळाच्या पोरांना सगळ्यांसमोर उभं करायची सरांना भारी हौस. म्हणाले, "काही जणांनी गावाकडं जाऊन म्हशी राखाव्यात." वर्ग हसला. रात्रीच्या जेवणाला तिनं अर्धी भाकर ताटात तशीच ठेवली.

"जेव गं," मी म्हटलं. "चाचणीनं काय होतंय?"

"पाठ केलेलं आठवतंय मॅडम," ती म्हणाली, "पण जे आठवतंय तेच चुकून राहिलंय."

हिच्याकडं जुनी प्रिंट तर नाही, हे माझ्या मनात त्याच क्षणी आलं. आलं, आणि मी ते वरणासोबत गिळलं.

चार दिवसांनी तिची जागा रिकामी. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "गेली की ती. भाऊ आलता. गादी, ट्रंक, समदं घेऊन गेली. म्हणली, माझ्या डोक्यात काय राहात न्हाई आता."

मी हात न धुता वर पळाले. खोली रिकामी होती, खाटेच्या वरच्या भिंतीवर माझा तक्ता तेवढा चिकटवलेला. जुना. पेनानं खुणा करून करून कागद फाटायला आला होता. खाटेखाली चाचणीचा पेपर पडला होता. तो घेऊन मी तक्त्याशी ताडून बघितला. अकरा चुका. अकराही माझ्या.

मावशी मागोमाग वर आल्या. मी भिंतीला टेकले तशा ओरडल्या, "तिथं टेकू नका!" भिंतीत भूकंपातली भेग होती आणि भेगेवर आडवी सिमेंटची पट्टी, पट्टीवर खिळ्यानं कोरलेली तारीख.

"ही कशाला ठेवलीय? बुजवून टाकायची की," मी चिडूनच म्हणाले.

"लई जण म्हणले बुजवा. दिसाया बरं दिसतंय. पर मग जुनी भेग कोणती अन् नवी कोणती, कसं कळावं? इंजिनेर सांगून गेला, तारीख राहू द्या, पट्टी तडकली की समजायचं, भिंत हालली."

या बाईला कळत होतं. मला आणि आमच्या फ्रेमवाल्या सरांना कळत नव्हतं!

मी खाली आले. मेसच्या फळ्यावर 'आज शेपू, वरण' लिहिलेलं. तो फळा रोज एकूण एक पोरगं वाचतं, साइट वाचो ना वाचो. त्याच्या खाली मी तारीख घातली आणि लिहिलं: सूक्ष्मजीवांचा तक्ता चुकला होता, चूक माझी, जुनी प्रिंट फाडा, बरोबर तक्ता हा. अख्खा तक्ता उतरवला. तासाभरात पोरांची झुंबड. सहा जणांनी पिशवीतून जुनी प्रिंट काढून दाखवली. एक जण म्हणाला, "मॅडम, आम्हाला वाटलं आम्हीच ढ हाव."

दुसऱ्या दिवशी सरांचं बोलावणं. "क्लासची इज्जत मेसच्या फळ्यावर टांगलीत तुम्ही!"

"इज्जत?" आता माझा आवाज बाहेरच्या ॲडमिशनच्या रांगेपर्यंत गेला. "पोरीला उभं करून म्हशी राखायला सांगितलंत, तेव्हा कुठं होती इज्जत? ती माझा तक्ता तोंडपाठ म्हणत होती! काढा मला. पण लाल अक्षरं मी आजच काढणार. जे बदललं त्याच्यापुढंच खूण राहील, तारखेसकट, आणि काय बदललं ते एका ओळीत."

काढलं नाही त्यांनी. जीवशास्त्राला ऐन वेळी दुसरं माणूस मिळत नव्हतं, बाकी काही नाही. साइट मेल्यावाणी दिसतेय म्हणाले. दिसू द्या म्हटलं.

रविवारी अहमदपूरला गाडी बदलून मुखेड गाठलं. तिचं घर विचारत विचारत गेले. भावानं बाज टाकली, आई चहा ठेवायला आत गेली. मी दोन्ही तक्ते पोरीपुढं ठेवले आणि सांगितलं, तुझं डोकं ठीक आहे, माझा तक्ता चुकला होता, तू चल परत.

तिनं दोन्ही कागद शेजारी शेजारी धरून ओळीनं वाचले. भाऊ खूश झाला, म्हणाला, "बघ, मी म्हणलं न्हवतं?" ती हसली नाही.

"हे तुम्ही दुरुस्त कधी केलं, मॅडम?"

"एकोणीस दिवस झाले."

ती मनात मोजत होती, दिसत होतं.

"मंजी मी भाकर टाकली त्या दिवशी तुम्हाला ठाऊक होतं."

"हाव," मी म्हणाले.

आई चहा घेऊन बाहेर आली. पोरीनं हात आडवा केला. "ह्यांना चहा नको देऊस," म्हणाली.

सोमवारी ती लातूरला परत आली. मेसमध्ये माझ्यासमोर परत कधी बसली नाही.