नखभर जागा

"आधी लाकडाचं ऐकावं, मग माणसाचं," असं शब्बीर नेहमी म्हणे. दाभोळच्या खाडीकाठी त्याच्या आज्याने होड्या बांधल्या, बापाने बांधल्या. तो बावीस वर्षं बहरीनमध्ये सुतारकी करत होता.

जनाबिया भागातल्या एका व्हिलात वरच्या मजल्याची जमीन लाकडी होती. तिथल्या बाथरूमच्या टाइल हलू लागल्या म्हणून कंपनीने त्याला पाठवलं. जुन्या टाइल काढायच्या, खालचं प्लाय घट्ट करायचं, उद्या नव्या टाइल बसणार. बरोबर खालच्या खोलीत मालकीण लीनाताईंची म्हातारी आई झोपे.

टाइल काढून झाल्यावर शब्बीरने हातोडीच्या दांड्याने प्लायवर ठोकून पाहिलं. दाराशी आवाज टणक होता. नळाकडे सरकावं तसा तो मऊ झाला, पिकल्या फणसावर थाप मारावी तसा. त्याने प्लाय उचललं. खालची तुळई काळी पडली होती. पटाशी तिच्यात पावात जावी तशी गेली.

मग प्लायच्या पाठीवरची पेन्सिलीची खूण त्याला दिसली. दोन तिरप्या रेघा, एक टिंब. त्याच्या घरात होडीच्या फळीवर घालतात तीच. इथले व्हिला सगळे सारखे, म्हणून घर ओळखलं नव्हतं. पण सहा वर्षांपूर्वी ही जमीन त्यानेच घातली होती. होडीच्या फळ्या घट्ट भिडवतात, पाण्याने फुगून फट बुजते. तसंच त्याने प्लाय भिंतीला भिडवलं होतं, नखभर जागा न सोडता. फुगायला वाव नव्हता. प्लाय वर उचललं गेलं, टाइलचे सांधे फुटले, आणि पाणी झिरपत राहिलं.

सुपरवायझर गुरुप्रसाद वर आला. "शब्बीरभाई, वरून सिमेंट बोर्ड मारा, खलास."

"तुळई गेलीय."

"कुणाला दिसतेय? आणि उघडी ठेवलीत तर विचारतील, ही जमीन घातली कुणी. त्याचा व्हिसा गेला समजा."

खालून म्हातारीने हाक मारली, "शब्बीर, चहा घे रे. आणि जपून ठोक, माझ्या गादीवर भुसा पडतोय."

गुरुप्रसाद हसला. शब्बीर प्लायचा तुकडा घेऊन खाली उतरला. आधी त्याने म्हातारीचा पलंग ओढत दिवाणखान्यात नेला.

"काकू, त्या खोलीत आता पाऊल टाकू नका. ही खूण माझी आहे. लीनाताईंना दाखवा."

चहा तसाच राहिला. पिशवी खांद्याला लावून तो उन्हात फाटकाबाहेर पडला. तुकडा हातात धरून म्हातारी दारातून बघत राहिली. तिच्या पाठीमागे, रिकाम्या खोलीत, वर कुणी ठोकत नसतानाही भुसा पडत होता.