उदगीरच्या उंदरांची सोयरीक

माझी नात लातूरला नीटच्या क्लासला जाते. घरी आली की हातपाय धुवायच्या आधी तिच्या जीवशास्त्राच्या मॅडमचं सुरू होतं. मॅडमनी आनुवंशिकता कशी शिकवली, फळ्यावर उंदरांची वंशावळ कशी काढली, भरलेल्या वर्गात कुणी चुळबूळसुद्धा केली नाही. एकदा वही माझ्यापुढे धरून तिनं विचारलं, "आजोबा, तुम्ही पण प्राणिशास्त्रच शिकवायचात ना? तुम्हाला येतं का हे?" मी म्हणालो, चष्मा सापडत नाही. चष्मा डोळ्यांवरच होता.

ती वंशावळ मला पाठ आहे. त्या मॅडम आणि मी नांदेडच्या एका महाविद्यालयात एकाच विभागात होतो. त्यांना ते सोडून लातूरला क्लास घ्यावा लागला तो माझ्यामुळे. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही.

मी त्यांच्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठा. माझा विषय माशांच्या आतड्यातले फीतकृमी. गोदावरीतली मरळ आणायची, पोट फाडायचं, कृमी काढायचा, सूक्ष्मदर्शकाखाली त्याचं मोजमाप घ्यायचं आणि कुठे फरक निघाला की नवी जात म्हणून छापायचं. अशा अकरा जाती माझ्या नावावर आहेत. माझ्यानंतर त्या कुणी पाहिल्या असतील असं मला वाटत नाही.

मॅडम मुखेड तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरातल्या. रुजू झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात त्यांनी उदगीरच्या एका डाळमिलच्या गोदामातून आणि मुखेडच्या एका आडत दुकानातून जिवंत उंदीर पकडून आणले. विभागात सगळे हसले. सगळ्यात जास्त मी हसलो.

दोन्हीकडचे उंदीर दिसायला सारखेच तपकिरी. मॅडमनी दोघांना एकाच रोगाचे जंतू सारख्याच प्रमाणात दिले. उंदरांना होणारा, टायफॉईडसारखा रोग. मुखेडचे उंदीर अंगावरचे केस फुलवून कोपऱ्यात बसले आणि आठवड्याभरात मेले. उदगीरचे दोन दिवस मलूल राहिले आणि पुन्हा दाणे खायला लागले. मॅडमचं म्हणणं, हा फरक आईबापाकडून आलेला आहे आणि तो नेमका कुठे आहे हे शोधता येईल. त्यासाठी असं घराणं हवं की ज्यातला प्रत्येक उंदीर दुसऱ्यासारखा असेल. तसं घराणं तयार करायचं तर सख्ख्या भावाबहिणीची जोडी लावायची, त्यांच्या पिल्लांतून पुन्हा भाऊबहीण निवडायचे, असं वीस पिढ्या. एका पिढीला तीन महिने धरा. मला वाटलं, कंटाळतील. त्या कंटाळल्या नाहीत.

पहिल्या निष्कर्षांवरचा त्यांचा लेख परदेशी मासिकात छापून आला आणि माझी झोप गेली. पाहुणे आले की माझ्या कृमींच्या बाटल्यांच्या कपाटावरून सरळ प्राणिगृहाकडे जायचे. उंदीरवाल्या मॅडम कुठे बसतात, हे मलाच विचारायचे. मी हात करून रस्ता दाखवायचो. त्यांच्या डब्यात काय असतं, त्यांना प्राचार्यांनी चहाला किती वेळा बोलावलं, हे सगळं माझ्या ध्यानात असायचं. माझा स्वतःचा लेख कुठल्या साली आला ते मात्र आठवावं लागायचं.

दहा पिढ्या झाल्यावर त्या पुढच्या तपासण्यांसाठी सहा महिने हैदराबादला गेल्या. जोड्या लावायचं काम प्राणिगृहातल्या शिपायांकडे आलं आणि दर शनिवारी रजिस्टर तपासून सही करायचं माझ्याकडे. शिपाई देगलूरकडचे, वयानं मोठे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो.

दोनेक महिन्यांनी काका माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तर बसेनात.

"साहेब, ते बहीण-भावाचं माझ्या हातानं होईना झालंय."

मी म्हणालो, उंदीर आहेत ते.

"आमच्याकडं मामा-भाचीचं चालतंय. माझीच बायको माझ्या बहिणीची लेक हाय. पर सख्ख्या भावाला न्हाई, साहेब. मुकं जनावर झालं म्हणून काय झालं. पाप माझ्या हाताला लागतंय ना."

मग त्यांनी काय केलं ते सांगितलं. पिल्लं आईपासून वेगळी केली की कानाला खूण करायच्या आधीच ते उदगीरच्या पिल्लांतले नर मुखेडच्या पिंजऱ्यात टाकत आणि मुखेडचे नर उदगीरच्या माद्यांत. सोयरीक जमवली म्हणाले, आणि जरा हसले. मनावरचं ओझं उतरल्यासारखे.

मला त्याच क्षणी सगळं कळलं. हैदराबादला एक फोन केला असता तरी पुरे होतं. बिघडली होती ती एकच पिढी. दहाव्या पिढीचे उंदीर अजून जिवंत होते, त्यांच्यापासून पुन्हा सुरुवात करता आली असती. मी म्हणालो, "काका, मॅडमना सांगू नका. त्यांना वाईट वाटेल. मी बघतो." ते माझ्या पाया पडले. त्या शनिवारी रजिस्टरमध्ये 'भाऊ-बहीण जोडी' या शब्दांखाली मी सही केली. पुढच्या शनिवारीही केली.

नवी पिढी वाढली की जुनी काढून टाकायची पद्धत होती; मॅडम परत आल्या तोवर दहाव्या पिढीतला एकही उंदीर उरला नव्हता. त्यानंतर एका मोठ्या प्रयोगशाळेनं त्यांच्याकडून उदगीरचे उंदीर मागवून घेतले. तेच जंतू दिल्यावर त्यातले निम्मे मेले. लेखातलं खोटं आहे, असं त्या प्रयोगशाळेनं मासिकाला कळवलं. आमच्याकडे चौकशी बसली. पिंजऱ्यांत सरमिसळ झाली असण्याची शक्यता आहे का, असं समितीनं मला विचारलं. मी म्हणालो, "रजिस्टर बरोबर आहे. सह्या माझ्याच आहेत." म्हणजे उंदीर बरोबर, तेव्हा खोटे ते मॅडमचे आकडे. याचा दुसरा अर्थ निघत नव्हता.

बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या, "सर, निदान तुम्ही उंदीर तरी नीट सांभाळलेत." त्या मनापासून म्हणत होत्या.

लेख मागे घेतला गेला. त्यांनी राजीनामा दिला. त्या दिवशी मी घरी जिलेबी नेली, कशासाठी ते सांगितलं नाही. वर्षभरानं विभागप्रमुख झालो. काकांनी एकदा विचारलं, मॅडम कुठे दिसत नाहीत. मी सांगितलं, लातूरला मोठी नोकरी लागली. त्यांना बरं वाटलं. तेच खरं मानून पुढे ते वारले.

निवृत्तीनंतर मी मुलाकडे लातूरला आलो. मॅडम याच गावात आहेत हे ठाऊक होतं, म्हणून त्या बाजूला जायचं टाळायचो. पण त्या रोज संध्याकाळी माझ्या घरात यायला लागल्या, नातीच्या तोंडून. दोन महिने ऐकून घेतलं आणि गेल्या पंधरवड्यात क्लासवर गेलो. शंका विचारायला आलेल्या मुलांची रांग होती. माझ्यापुढे सात जण. बाकावर बसून मी त्यांचाही हेवा करत होतो, आणि जिच्यासाठी ते थांबले होते तिचाही. उभ्या नोकरीत माझ्या दाराशी अशी रांग लागली नाही.

आत गेल्यावर मी काही न लपवता काकांचं सांगितलं, माझंही सांगितलं. त्यांनी विचारलं, "कितव्या पिढीपासून, सर?"

"अकराव्या."

"दहाव्यापर्यंत नक्की काही नाही?"

"नाही. तोवर जोड्या तुम्हीच लावत होतात."

"म्हणजे माझे उंदीर बरोबर होते," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा एकदम त्या पहिल्या वर्षासारखा झाला, हातात पिंजरे घेऊन आल्या होत्या तेव्हासारखा. त्या ओरडतील, रडतील, मला घालवून देतील, याची मी तयारी करून गेलो होतो. त्यांना आनंद झाला होता. आणि पंचाहत्तरीच्या मला तिथं बसल्या बसल्या पुन्हा जळायला लागलं. अकरा जाती सापडल्या, पण कुठल्याही कृमीनं मला असा आनंद दिला नव्हता.

मग त्यांनी उठून दार लावलं. काकांना काय वाटत होतं हे आपण कधी विचारलंच नाही, ही चूक आपली स्वतःची, असं म्हणाल्या. ते कुठे आहेत, असं विचारलं. वारले, असं मी सांगितलं. त्यांनी माझ्यापुढे कोरा कागद ठेवला आणि मासिकाला पत्र लिहा म्हणाल्या. काकांवर काही येऊ देऊ नका, एवढंच बजावलं.

मी लिहिलं. शेवटी लिहिलं की ही माहिती माझ्याकडून अनवधानानं सांगायची राहिली. त्यांनी वाचून कागद परत सरकवला.

"सर, अनवधान इतकी वर्षं टिकत नाही."

मी म्हणालो, कामाचा ताण होता, कृमींचं काम चालू होतं. बाहेर मुलं दार वाजवत होती, तरी त्या उठल्या नाहीत. मी ती ओळ खोडली आणि लिहिलं, हे मला पहिली पिढी बिघडली तेव्हापासूनच ठाऊक होतं आणि त्यांचा हेवा वाटत होता म्हणून मी बोललो नाही. समितीपुढेही खोटं बोललो. त्यांचे आकडे खरे होते.

एक प्रत मासिकाला गेली, एक महाविद्यालयाला. उत्तर मॅडमच्या पत्त्यावर पाठवावं, असं खाली लिहिलं आहे. अजून काही आलं का, हे मी विचारलेलं नाही.