विटांच्या भिंतीमागची खोली

कॉलेजात असताना मी व्हिडिओ गेमवर एक पत्रक काढत असे. सीताबर्डीत एका कापडाच्या दुकानावरच्या मजल्यावर चार मशिनींचं पार्लर निघालं होतं. कुठल्या खेळात शत्रू कुठून येतो, कुठं दबा धरला तर जीव वाचतो, हे सगळं मी मेणाच्या स्टेन्सिलवर टोकदार लेखणीनं कोरायचो आणि महाल भागातल्या एकाकडून सायक्लोस्टाइल करून आणायचो. पार्लरच्या जिन्यात गठ्ठा ठेवला की दोन दिवसांत संपायचा. लोक मला संपादक म्हणत. त्याची मला नशा होती.

एकदा शेवटचं पान पाव रिकामं राहिलं. मी लिहून टाकलं : भुयाराच्या खेळात, सातव्या पडद्यावर, उजवीकडच्या विटांच्या भिंतीला टेकून काहीही न करता उभं राहिलं तर भिंत उघडते. आत एक खोली आहे. मी ती पाहिली आहे.

सगळं खोटं होतं.

उमरेडचा एक विणकर दर आठवड्याला यायचा. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. लुगडी इतवारीच्या बाजारात पोचवली की तो सरळ पार्लरला. लुगड्याच्या काठाची नक्षी बसवायचा चौकड्यांचा कागद त्याच्या खिशात असे. त्यावर तो खेळाचे पडदे उतरवायचा, एक चौकट म्हणजे एक वीट, आणि मी ते छापायचो.

तो अंक निघाल्यावर त्यानं नवा कागद दिला. सातवा पडदा, भिंत, आणि भिंतीमागे खोली. कोपऱ्यात रांजण, खाली उतरणाऱ्या तीन पायऱ्या, आणि पाठमोरा बसलेला एक माणूस.

"भाऊ, दिसली तुमाले?"

"मग! पन तू रांजणाचं काहून नाही लिहिलं गा?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "जागा नव्हती."

तो कागदही मी छापला. मौद्याहून एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं : खोली सापडली, पण तो माणूस आता पाठमोरा नाही, थोडा वळला आहे. भर दुपारी अंगणात उभ्यानं मी ते दोनदा वाचलं.

मी पार्लरला गेलो. मशीनवाला जिन्यातच भेटला. "जा संपादक, पाहा तुमचा भक्त. भिंतीले टेकून मरून राहिला सकाळपासून. हातावरून वारं गेलं का म्हणा!" असं म्हणून तो चहाला खाली उतरला.

वर विणकर एकटाच होता. भिंतीजवळ पोचला की तो दांड्यावरचा हात काढून घेई. शत्रू येऊन त्याला गिळे, आणि पडदा क्षणभर काळा होई. त्या काळ्या काचेत तो डोळे खुपसून बघायचा.

"पाह्य, पाह्य. वळून राहिला."

मी वाकलो. काचेत आमचंच पार्लर उलटं दिसत होतं. कोपऱ्यातला पाण्याचा रांजण आमचाच, पायऱ्या आमच्याच जिन्याच्या. मला हसू येणार होतं. तेवढ्यात रांजणाजवळच्या बाकावर कोणीतरी बसलेलं दिसलं. मान वळवून पाहिलं. बाक रिकामा होता.

पुढच्या आठवड्यात विणकराची बायको त्याच्यासोबत आली आणि जिन्याखाली माझी वाट पाहत थांबली.

"भाऊजी, मागावर बसतेत, पन हात चालत नाही. समोरच्या भिंतीकडे पाहून राहतेत. तुमचं ऐकतीन. सांगा ना त्याईले, थे खोटं हाय म्हणून."

मी वर गेलो. म्हणालो, "भाऊ, खोली नाही. मी ते मनानं लिहिलं होतं. पान भरायले."

त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "थो बोललाच होता. तू असंच म्हणशीन म्हणून."

"कोण?"

तो मशीनकडे वळला. पडदा पुन्हा काळा झाला होता. मला काचेकडे बघायचं धाडस झालं नाही. मी खाली उतरलो.

"सांगितलं?" तिनं विचारलं.

"हो."

"मानले?"

ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मला फक्त तिथून निघायचं होतं.

"हो," मी म्हणालो. "मानले."

तिचा चेहरा निवळला. पदर सावरून ती त्याला आणायला वर गेली, आणि मी सायकल काढली. त्यानंतर मी अंक काढला नाही. वर्षाच्या आत त्यांचा माग बंद पडला, असं ऐकलं. उमरेड काही फार लांब नाही. मी गेलो नाही.