जंबेरीवरचे डोळे

चांदूर बाजारच्या बाजूला सहदेव काय करतो असं कोणालाही विचारलं, तर एकच उत्तर यायचं : डोळे बांधतो. जंबेरी लिंबाच्या काटेरी रोपाची साल चिरायची, तिच्यात संत्र्याच्या फांदीवरचा गव्हाच्या दाण्याएवढा डोळा, पानाच्या देठाचा तुकडा खाली ठेवून, बसवायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची. त्या डोळ्यातून पुढे संत्र्याचं झाड होतं. आसपासच्या किती बागा आपल्या बोटांतून निघाल्या, हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

त्याचा उजवा डोळा तरुणपणीच अशाच एका काट्याने नेला होता. डावा भादव्यातल्या एका सकाळी गेला. अंगणात चहा पिता पिता त्याने बायकोला विचारलं, "आभाळ आलं का वं?" जयवंता लख्ख उन्हात धुणं वाळत घालत होती. अमरावतीच्या डॉक्टरांनी अकोल्याला पाठवलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की डोळ्याला रक्त नेणारी नस बुजली आहे, नजर परत येणार नाही.

घरी आल्यावर जयवंताने त्याच्या वाटेतलं सगळं उचललं. बाज भिंतीला लावली, दारातला रांजण मागे नेला. तरी तो दुसऱ्याच दिवशी चौकटीवर आपटला.

"रांजन कुठी गेला?"

"तुमाले लागू नये म्हनून हटवला."

"लागू दे ना वं! लागला म्हंजे कयते, मी कुठी आहो ते."

तिने रांजण पुन्हा जागेवर आणला. त्या दिवसापासून तिला त्याच्याकडे बघत राहायची सवयच लागली. पाण्याचा गडवा भरला हे हा आवाजावरून कसं ओळखतो? अंधार दिसतो, की काहीच नाही? एकदा तिने विचारलंच.

"तुह्या पाठीले काय दिसते?" तो म्हणाला. "तसं."

ती बराच वेळ पाठीने बघायचा प्रयत्न करत बसली.

थंडी पडली तसा सहदेव काम करायचा त्या रोपवाटिकेचा मालक देवमन घरी आला. या मोसमाला दुसरा माणूस बघतो, असं सांगायलाच तो आला होता. पण सहदेवने आधीच विचारलं, "चाकू आनला का?" देवमन जयवंताकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, "एक वाफा बांधून पाह्य. डोये लागले तं मोसम तुहा."

वाफ्यात जयवंता त्याच्या शेजारी उकिडवी बसली. त्याने अंगठ्याने साल चाचपली, चीर दिली, डोळा आत सरकवला, पट्टीचे वेढे घेतले. ती श्वास धरून होती. बोटं दोनदा काट्यांनी रक्ताळली, पण थांबली नाहीत. संध्याकाळी तो बांधावर बिडी ओढत बसला, तेव्हा तिला काही पट्ट्या वाकड्या दिसल्या. एवढ्यानेच हातचा मोसम गेला तर? तिने गुपचूप त्या सोडल्या आणि नीट, घट्ट बांधल्या.

तीन आठवड्यांनी पट्ट्या सोडायला देवमनही आला. सहदेव बोटांनी चाचपत ओळीतून पुढे सरकत होता आणि जयवंता सांगत होती, "हिरवा. हिरवा. हा वायला. हिरवा." मधेच त्याचा हात थबकला.

"हे गाठ माही नाही."

जयवंताने ती पट्टी सोडली.

"सांग, कसा हाये डोया?"

"काया पडला," ती हळूच म्हणाली. मग सगळंच सांगून टाकलं. देवमनने तिने बांधलेल्या बाकीच्या पट्ट्या उघडून पाहिल्या, तर एक डोळा वगळता सगळे काळे पडले होते. त्या संध्याकाळी तिने पट्टी सोडली तेव्हाच आतला डोळा हलला होता.

देवमन हसला. "वैनी, तुमी तं नवऱ्याचाच धंदा बुडवत होत्या!" सहदेव हसला नाही. बांधापर्यंत चालत गेला आणि तिथूनच म्हणाला, "माह्यावर भरोसा नोयता, तं तोंडावर सांगाचं होतं."

"भेव वाटलं मले," ती म्हणाली. "मोसम गेला असता तं तुमी पुन्हा बाजेवरून उठले नसते."

देवमनने उरलेल्या पट्ट्या स्वतः सोडल्या, वाफ्यावरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाला, "उद्या सकाळी सातले ये, सहदेव."

तो गेल्यावर सहदेवने तिला हाक मारली. संत्र्याच्या फांदीवरून एक डोळा काढून तिच्या तळहातावर ठेवला. "डोये मीट. खालची बाजू कोनती, सांग."

जयवंताने एक डोळा मिटला.

"दोनी मीट."

"तुमाले कसं कयलं?"

"इतकी वर्सं पाह्यलं ना तुले."

तिने दुसराही मिटला. चिमटीत काहीतरी बारीक, गुळगुळीत फिरत राहिलं. मग बोटाला पानाच्या देठाचा छाटलेला तुकडा टोचला, डोळ्याच्या बरोब्बर खाली.